बारा म्हणजे दोन दादरे

दिनकरमास्तर अजून जिवंत आहेत, ही या प्रकरणातली सगळ्यांत चांगली गोष्ट. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आखडतो. मास्तर मात्र वाशिमात ठणठणीत आहेत, सकाळी फिरायला जातात, बोलावलं की शाल घ्यायला हजर असतात. मागच्या हिवाळ्यात त्यांचा सत्कार झाला. माझ्या नातीनं तो मोबाइलवर लावून माझ्यापुढे धरला. पांढरा सफारी, गळ्यात हार, माइकवर तोच जाड, तुपट आवाज. या जिल्ह्यात स्पॅनिश धून पहिल्यांदा मी बसवली, असं ते सांगत होते. मग त्यांनी एक किस्सा सांगितला. म्हणे एकदा व्हायोलिनवर एक भजनी पार्टीतला म्हातारा घेतला होता, ऐन रंगात त्याचा ताल सुटला, तेव्हा मी त्याला भर कार्यक्रमातून खाली उतरवला, कारण कलेत दयामाया नसते. लोक हसले. माझी नातही हसली, कारण तिला ठाऊक नव्हतं की तो म्हातारा तिचा पणजोबा. आणि तेव्हा ते म्हातारेही नव्हते. आज माझा मुलगा आहे त्याच वयाचे होते. ती धून मास्तरांनी बसवली नाही आणि माझ्या वडिलांचा ताल सुटला नाही, या दोन गोष्टी मला इथे लिहायच्या आहेत. तिसरीही एक आहे. ती लिहायची हिंमत व्हायला म्हातारपण यावं लागलं.

आम्ही जऊळक्याला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. बाबा लाइनवर गँगमन होते. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओटा, आणि ओट्यापासून हाकेच्या अंतरावर छोटी लाइन. गाडी आली की मायची भांडी फळीवर थरथरायची, आणि ती थरथर सुरू झाली की माय चुलीवरचं घुटं उतरवायला घ्यायची, कारण त्या गाडीनंतर बाबा जेवायला येत. उडदाचं घुटं, ज्वारीची भाकर, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. पावसाळ्यात अंबाडीची भाजी आणि कण्या. पाहुणे असले तर पातोडीचा रस्सा, आणि त्या दिवशी माय स्वतः काय जेवायची ते मी कधी पाहिलं नाही. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन व्हायोलिन काढत. गावातल्या आमच्या बौद्ध वस्तीच्या गायन पार्टीत ते व्हायोलिनवर होते. हार्मोनियम, ढोलक, दोन कोरसवाले आणि बाबा. जयंतीला, वर्षावासात, लग्नात, कुणाच्या पुण्यानुमोदनात ही पार्टी गावोगाव जायची. सतरंजीवर मांडी घालून, व्हायोलिनचं डोकं पावलावर टेकवून ते वाजवत. मलाही त्यांनी तसंच शिकवलं. मारायचे नाहीत. चुकीचा सूर लागला की फक्त माझ्याकडे बघायचे, आणि ते मारण्यापेक्षा वाईट होतं.

आमच्या रांगेच्या टोकाला एक गार्डसाहेब राहत. सिकंदराबादकडचे, एकटे, पायजम्यावर टाय बांधणारे. बाबा त्यांचं पाणी भरून देत, माय कधी भाकर पाठवायची. त्यांच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता आणि एक गिटार. संध्याकाळी ते दार उघडं ठेवून तवे, म्हणजे रेकॉर्डी, लावत. गाणी नव्हती त्यात, नुसता बाजा. बदली झाली तेव्हा त्यांनी ग्रामोफोन, पाठीला चीर गेलेलं गिटार आणि तीन तवे आमच्या ओट्यावर आणून ठेवले. "तुम लोग सुनो," एवढंच म्हणाले. कागदी पाकिटं वाळवीनं खाल्लेली होती, तव्यांवरची अक्षरं आम्हाला वाचता येत नव्हती. एकात गिटार होतं, टाळ्या होत्या, आणि कुणीतरी लाकडी फळीवर टाचा आपटत होतं. दुसऱ्या दोन तव्यांत बोंगोसारखं काही, दाणे भरलेलं खुळखुळणारं काही, आणि कंबर आपोआप हलेल अशी झुलती लय. आज नात सांगते की पहिला तवा स्पेनचा, त्या वाजवण्याला फ्लेमेंको म्हणतात, आणि दुसरे दोन क्युबाकडचे, मध्ये अख्खा समुद्र आहे. आम्हाला काय ठाऊक? तिन्ही तवे एका माणसाच्या घरातून आलेले, म्हणून आम्ही धरून चाललो की ही सगळी एकाच गावची माणसं आहेत. सकाळी हे वाजवत असतील, संध्याकाळी ते. म्हणून आम्ही दोन्ही एकाच धुनेत घातलं. आता मोबाइलवर परदेशातली जोडी दिसते, एक गिटारवाला आणि एक व्हायोलिनवाली, हेच दोन्ही मिसळून वाजवतात आणि हजारो लोक उभे राहून टाळ्या देतात. आमच्याकडून ते अडाणीपणानं झालं होतं.

आम्ही म्हणजे मी आणि परसराम. परसराम मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यातला. घरचे लोक दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, म्हणून त्याला शिकायला इकडे ठेवला होता, आणि तो शाळेपेक्षा आमच्या ओट्यावर जास्त असायचा. गिटार त्याच्या हातात गेलं ते परत माझ्याकडे आलंच नाही. तारा तुटल्या तर तो सायकलच्या ब्रेकची तार उसवून लावायचा. बोटांतून रक्त यायचं. माय म्हणायची, "अरे लेका, थे वाजवून राह्यला का कापून राह्यला?" तो म्हणायचा, "काकू, थोडं थोडं दोनीबी." मी व्हायोलिनवर, तो गिटारवर, आणि मधे ग्रामोफोनची चावी फिरवायला जो मोकळा असेल तो. बाबा जेवता जेवता ऐकत. पहिल्या तव्यातल्या टाळ्यांनी आम्हाला फार छळलं. कशातच बसत नव्हत्या. बाबा म्हणाले, "सहा न् सहा धरून पाहा, दादरा." अर्ध्यापर्यंत बसायचं, पुढे फाटायचं.

ते कोडं सोडवलं परसरामच्या याडीनं, म्हणजे आईनं. तांड्यात आईला याडी म्हणतात. होळीला घरचे लोक तोडीवरून परतले होते, तेव्हा आम्ही ग्रामोफोन बैलगाडीत घालून तांड्यावर नेला. बायका गोल धरून नाचून दमल्या होत्या, बसल्या बसल्या ऐकत होत्या. तवा दुसऱ्यांदा लावला तेव्हा याडी टाळ्या द्यायला लागली, शेजारणीनं धरल्या, आणि बघता बघता सगळ्या गोलाच्या टाळ्या तव्यावरच्या टाळ्यांवर जाऊन बसल्या. परसराम ओरडला, "याडी, थांब! कसं मोजून राह्यली तू?" ती म्हणाली, "मोजाचं काय त्यात? तीन पावलं, तीन पावलं, मंग दोन, दोन, दोन. पोट्टेहो, तुमाले चालता येत नाई का?" तीन, तीन, दोन, दोन, दोन. बेरीज बारा, पण ते दोन दादरे नव्हते. पहिला अर्धा दादऱ्यासारखा चालतो आणि दुसऱ्या अर्ध्यात पाऊल बदलतं. वाचकानं मांडीवर हात मारून बघावं, पुढचं सगळं त्यावर आहे. घरी येऊन मी बाबांना वाजवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, एकदा, दोनदा, आणि हसले. "बाई बरोबर हाय," म्हणाले. "आपुन त्याले जबरीनं बसवून राह्यलो होतो."

धून उभी राहिली. सुरुवातीला एकटं गिटार, मग माझं व्हायोलिन हळू येणार, मग झुलता चार मात्रांचा भाग, आणि शेवटी बारा मात्रांची चढण. आम्ही तिला 'गार्डसाहेब' म्हणायचो. मेडशीच्या एका लग्नात, वरात यायची होती तोवर, आम्ही ती वाजवली. तिथं दिनकरमास्तर आले होते. वाशिमात त्यांचा ऑर्केस्ट्रा होता. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? ते अकॉर्डियन वाजवत, त्यांची माणसं कोट घालून खुर्च्यांवर बसत, आणि तालुक्यात तो मान दुसऱ्या कुणाला नव्हता. त्यांनी आमच्या पाठीवर हात ठेवला. "कलाकार आहात रे तुमी! या वाशिमले, आपुन काहीतरी मोठं करू." एसटीच्या टपावर बसायचंच काय ते बाकी होतं, इतके आम्ही उडालो.

वाशिमला त्यांनी चहा पाजला, चिवडा दिला आणि धून वाजवायला लावली. पुन्हा एकदा. अजून एकदा, हा मधला भाग नीट कळला नाही. त्यांचा बोंगोवाला समोर मांडीवर थाप देत होता. टेबलावर टॉवेल पसरलेला होता आणि त्याखाली टेपरेकॉर्डर होता, हे आम्हाला पुढे त्या बोंगोवाल्यानंच सांगितलं. शेवटच्या भागात तो गोंधळला तेव्हा परसराम सांगायला गेला, "मास्तर, हे सहा न् सहा नाई. तीन, तीन, दोन..." मास्तरांनी हात वर केला. "बारा मात्रा हायेत न? बारा म्हणजे दोन दादरे. बावीस वर्सं झाले मले वाजवता, मले नको शिकवू." परसरामनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. आम्हाला वाटलं, मोठा माणूस आहे, हळूहळू येईल लक्षात.

पोळ्याच्या सुमाराला वाशिमच्या भिंतींवर पत्रकं लागली. दिनकरमास्तरांची नवी पेशकश, स्पॅनिश नाइट. आम्ही त्यांच्या दारात गेलो. ते बनियनवर दाढी करत होते. आरशातूनच बोलले, वळलेही नाहीत. "धून काय कोनाच्या बापाची असते का? तुमी रेकॉर्डवरून उचलली, मी तुमच्यापासून उचलली. झालं." मी म्हणालो, "मंग आमाले बसवा वाजवाले." तेव्हा ते हसले. ब्रशचा फेस माझ्याकडे करून म्हणाले, "एक तांड्यातला, एक वस्तीतला. कोट घातल्यानं खुर्चीवर बसता येते का, पोट्टेहो? लोकं पैसे देऊन पाहाले येतात." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय. मास्तरांना आठवत नसेल. फेकणाऱ्याला दगड आठवत नाही. सत्काराच्या भाषणात त्यांनी सामाजिक समरसतेवर बरंच सांगितलं, तो भाग नातीनं पुढे ढकलला.

पण त्यांना व्हायोलिनवाला मिळेना. धून कानात बसलेला तिसरा माणूस जिल्ह्यात एकच होता. मास्तर स्वतः जऊळक्याला आले, आमच्या ओट्यावर बसले, मायच्या हातचा चहा प्यायले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमच्यासारखा हात नाही. दसऱ्यानंतर धान्यबाजाराच्या ओट्यावर व्यापाऱ्यांचा कार्यक्रम आहे. कोट मी देतो, खुर्ची मी देतो." मुलाला जी खुर्ची नाकारली तीच बापाला देऊ केली, कारण गरज होती. मी आत उभा होतो. वाटलं, बाबा आता उठून त्यांना फाटकाबाहेर काढतील. बशी खाली ठेवून बाबा म्हणाले, "येतो."

त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा आवाज चढला. "त्यानं आमची धून चोरली, बाबा! अन् तुमी त्याच्यासाठी वाजवता?" बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "आजवर खालीच बसून वाजवलं रे मी. सतरंजीवर. एक डाव पाहू दे न खुर्चीवरून लोकं कसे दिसतात." माय म्हणाली, "जाऊ दे त्याईले. कायले आडवा येतं?" आज मी बाबांच्या त्या वाक्यापाशी थांबलो की लिहिणं पुढे सरकत नाही. माणसानं आयुष्यात एक गोष्ट मागितली होती. एकोणीस वर्षांच्या मला त्यात फक्त फितुरी दिसली. मी जेवणावरून उठलो आणि तेव्हाच ठरवलं की मास्तर त्या ओट्यावरून पडले पाहिजेत, सगळ्या वाशिमसमोर.

कसं पाडायचं, ते मास्तरांनीच सांगून ठेवलं होतं. त्यांची पार्टी शेवटचा भाग दोन दादऱ्यांत वाजवणार होती. समोरून कुणी खऱ्या टाळ्या दिल्या तर अर्धं चक्र जमणार आणि अर्ध्यात सगळे लंगडणार. पार्टी जितकी पक्की वाजवेल तितकी वाईट फसेल. मी तांड्यावर गेलो आणि याडीला आणि तिच्या जावा-नणंदांना बोलावलं. त्यांना एवढंच सांगितलं की आपली धून वाशिमला मोठ्या ओट्यावर वाजणार आहे, तुमच्या टाळ्यांशिवाय तिला मजा नाही. त्यांनी ठेवणीतले घागरे काढले. परसराम मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुया बा राहीन वर."

"राहू दे."

"लेका, ताल फाटला त त्याचाबी फाटन."

"फाटू दे न. त्याले कोनं सांगतलं जाले?"

तो म्हणाला, "पाह्य बाप्पा. धून दोघाईची हाय, पन बा तुया एकट्याचा हाय." तरी तो आला. माझा शब्द तो मोडत नसे, आणि मी त्याचा फायदा घेतला.

धान्यबाजाराचा ओटा उंच, दगडी. दिवसा त्यावर मूग-उडदाचे ढीग पडायचे, त्यामुळे सतरंज्या घातल्या तरी धूळ उडत होती. दिवस मावळता मावळता कार्यक्रम सुरू झाला. पुढे व्यापाऱ्यांची कुटुंबं, मागे गाव. तांड्याच्या बायकांना स्वयंसेवकांनी कडेला, खांबापाशी बसवलं. त्यांच्या घागऱ्यांवरचे आरसे दिव्यात चमकत होते आणि पुढच्या बायका वळून वळून बघत होत्या. मी त्यांच्या मागे, परसराम माझ्या शेजारी. बाबा वर आले. कोट खांद्यांत सैल होता, बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी हातानं खुर्ची चाचपली. व्हायोलिन पावलावर टेकवायची सवय, इथे ते गळ्याशी धरायचं होतं. आठवडाभर ते घरात तसं धरायचा सराव करत होते, माय हसायची. त्यांनी समोर पाहिलं, लोकांकडे, शेवटच्या रांगेपर्यंत. मला त्यांचा चेहरा दिसला. मी तेव्हाही थांबू शकत होतो.

मास्तरांनी माइकवर धुनेच्या जन्माची काहीतरी कहाणी सांगितली. त्यात मुंबईही होती आणि एक परदेशी पाहुणाही. मग वाजवायला सुरुवात. सुरुवात चांगली गेली, झुलता भाग तर फारच चांगला, लोकांनी माना डोलावल्या. बाबांचं व्हायोलिन त्या दिवशी फार गोड लागलं होतं, हेही लिहून ठेवतो. मग शेवटची चढण आली. मी याडीच्या खांद्याला हात लावला. तीन, तीन, दोन, दोन, दोन. मोकळ्या हातांच्या, उघड्या रानात देतात तशा खणखणीत टाळ्या. आमच्या बाजूचे लोक त्यात सामील झाले, मग मागचे. टाळीला माणूस लवकर लागतो. बोंगोवाल्यानं मान वर केली. मास्तरांनी भुवई उचलली, पायानं दादरा ठोकायला लागले, जोरात, आणि पार्टी त्यांच्या पायाला धरून राहिली. कोटवाले सगळे एकीकडे, टाळ्या एकीकडे. दर चक्राला अर्ध्यात सूर फाटत होते. मला इतका आनंद झाला होता की छातीत दुखत होतं. पडा, मी मनात म्हणत होतो, पडा.

मग बाबांनी डोळे मिटले. एक चक्र त्यांनी काहीच वाजवलं नाही, गज हवेत धरून ठेवला. आणि पुढच्या चक्राला त्यांचा गज टाळ्यांवर उतरला. बरोबर. तीन, तीन, दोन, दोन, दोन. आठ-नऊ कोटांच्या मध्ये एकटा माणूस खऱ्या तालात वाजवत होता, आणि ओट्याखालून बघणाऱ्याला एकच दिसत होतं, की सगळी पार्टी एका बाजूला आहे आणि हा एक माणूस तिला सोडून भलतीकडे गेलाय. मला हे कळायला एक क्षण लागला. मास्तरांना अर्धाही लागला नाही. त्यांनी हात उंच करून सगळं थांबवलं, माइक ओढला. "मंडळी, माफ करा. आमचे व्हायोलिनवाले भाऊ भजनी पार्टीतले आहेत. त्यांचा ताल सुटला." लोक हसले. मास्तर बाबांकडे वळून, माइक तोंडापाशीच ठेवून म्हणाले, "उतरा भाऊ. हे सतरंजीचं काम नाही."

परसरामनं मला कोपरानं ढोसलं. "ऊठ. सांग."

मी उठलो नाही. सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की टाळ्या मी बसवल्या. परसराम उठला, बाकावर चढला आणि ओरडला, "बुढा बरोबर हाय! चुकून तुमी राह्यले! बारा म्हणजे दोन दादरे नसते, मास्तर!" स्वयंसेवकांनी त्याला खाली ओढला, दंडाला धरून बाहेर नेला. याडी आणि बायका त्याच्यामागे धावल्या. वर बाबा कोट काढत होते. नीट घडी घालून त्यांनी तो खुर्चीवर ठेवला, व्हायोलिन काखेत घेतलं आणि मागच्या पायऱ्यांनी उतरले. मास्तरांनी एक विनोद सांगितला आणि फिल्मी गाणं सुरू केलं. ते पडले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही.

बाहेर परसराम नळावर ओठाचं रक्त धूत होता. मी जवळ गेलो. त्यानं पाणी थुंकलं आणि विचारलं, "तुले मास्तरले पाडाचं होतं का बापाले?" मी म्हणालो, "मास्तरले." तो म्हणाला, "मंग बसून काहून राह्यला?" दिवाळीनंतर तो घरच्यांसोबत ऊसतोडीला गेला, गिटार गाडीत घालून, आणि जऊळक्याला परत आला नाही. पुढे कुणी सांगायचं, तोडीच्या कोप्यांवर, म्हणजे तिथल्या झोपड्यांपाशी, रोज संध्याकाळी वाजवतो, बायका टाळ्या देतात. काही वर्षांपूर्वी तो गेला. मला कळलं तेव्हा तिसरा दिवस उलटून गेला होता. ती धून दोघांशिवाय वाजत नाही. मास्तरांच्या पार्टीला तर ती कधीच वाजली नाही, त्यांनी पुढे शेवटचा भागच गाळून टाकला. त्या सत्कारात जी वाजली ती तसलीच, शेपूट तोडलेली.

'ताल सुटला' हे मास्तरांचं वाक्य बाबांच्या मागे गावोगाव लागलं. गायन पार्टी कुठे बसली की पोरं मागून ओरडायची, "काका, ताल सांभाळा!" आधी परक्या गावांत, मग आमच्याच वस्तीत. पार्टीवाल्यांनी त्यांना हार्मोनियमच्या मागे बसवलं, मग त्यांच्या ऐवजी बँजो आणला. मी नोकरीला लागलो, शहरात राहिलो, बढत्या घेतल्या, आणि कुणी वडिलांबद्दल विचारलं तर रेल्वेत होते एवढंच सांगत राहिलो.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मायनं मला त्यांची भाकर घेऊन लाइनवर पाठवलं. गावाबाहेर, वळणापलीकडे गँग काम करत होती. बाबा बाभळीच्या सावलीत येऊन बसले, फडकं सोडलं, भाकर मोडली. मी उभाच होतो.

"बाबा, तुमी बरोबर होते."

"मालूम हाय मले."

"मंग पार्टी सोडून टाळीवर काहून गेले तुमी?"

"टाळी बरोबर होती. बरोबर टाळी आयकू आल्यावर कुठं जाऊ मंग?" त्यांनी ठेचा भाकरीला लावला. "अन् वरून समदं दिसते रे. तांड्याच्या बायकाईच्या मांगं तू बसला होता. याडीच्या खांद्यावर हात ठेवला तू, थेबी पाह्यलं मी."

मी खाली खडीकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "त माइकवर काहून नाई सांगतलं? मास्तर समद्यायसमोर बोलला, तुमी कायले गप्प बसले?"

बाबा चावायचे थांबले. रागावले नव्हते. चुकीचा सूर लागल्यावर बघायचे तसंही बघितलं नाही. दुसऱ्या कुणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाले, "काय सांगू मी त्याईले? का माया पोरगाच समोर बसून मले पाडून राह्यला?"

मुकादमानं शिटी वाजवली. त्यांनी उरलेली भाकर फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि कामावर गेले. ते वाक्य त्यांनी मायला सांगितलं नाही, पार्टीवाल्यांना सांगितलं नाही, टोमणे मारणाऱ्या पोरांना सांगितलं नाही, मरेपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. आज मी ते छापायला देतो आहे, माझ्या पूर्ण नावानिशी, आणि याची पहिली प्रत दिनकरमास्तरांच्या घरी पाठवतो आहे.